आक्षी की उरण? हिवाळी पाणपक्ष्यांसाठी एक सकाळ

डिसेंबर ते फेब्रुवारीत मुंबई-पनवेलकडून निघायला एखादीच मोकळी सकाळ मिळणार असेल, तर प्रश्न बहुधा दोन जागांवर येऊन अडतो: अलिबागजवळची आक्षीची पुळण की उरणची पाणजे-भेंडखळकडची पाणथळ? फक्त यादी लांबवायची असेल तर सरळ उरणला जा. गॉडविट या लांब चोचीच्या किनारपक्ष्यांचे मोठे थवे, शेकाटे, तलवार आणि थापट्या बदकं, वर घिरट्या घालणारा मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी आणि नशिबात असतील तर रोहित (फ्लेमिंगो), एवढं सगळं आक्षीला एका जागी दिसणार नाही. शिवाय जानेवारी 2024पासून लोकल उरणपर्यंत जाते. स्टेशनबाहेर रिक्षा ठरवली की झालं.

तरीही माझं पारडं आक्षीकडे झुकतं, आणि त्याला कारण चिखल.

उरणला छोटे किनारपक्षी चिखलात पाय बुडवून चरतात. पायांचा रंग जातो, चोचीचं टोकही राखाडी गाऱ्याने माखतं. आता सँड प्लोव्हर हे छोटे किनारपक्षी घ्या, त्यांच्या ग्रेटर आणि लेसर अशा दोन जाती. हिवाळी पिसाऱ्यात ग्रेटर काय नि लेसर काय, दोघेही वरून मातकट आणि खालून पांढरे. (लेसरचे अलीकडे तिबेटन आणि सायबेरियन असे दोन केलेत, आपल्याकडे येतो तो बहुतेक तिबेटन.) ग्रेटरची चोच लांब आणि जाडसर, चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतराहून जास्त भरते, लेसरची जेमतेम तेवढी किंवा कमी. ग्रेटरचे पाय फिकट, हिरवट-पिवळसर, लेसरचे काळपट. पण चिखल बसला की सगळ्यांचेच पाय काळपट, आणि वहीत उगाच लेसर वाढत जातात. लाल पाय झाकलेला साधा रेडशँकसुद्धा घटकाभर कोड्यात टाकतो. त्यात थवा दीडशे-दोनशे मीटरवर, आणि साडेनऊ-दहानंतर चिखलावरची हवा थरथरायला लागते. मग स्कोप (तिपाईवरची दुर्बीण) साठपटीवर नेऊन फक्त थरथरच मोठी दिसते. पंचवीस-तीसपटीवर थांबलेलं बरं.

आक्षीला ओली वाळू असते आणि लाटा पाय धुऊन काढतात. खाडीच्या मुखाजवळ सुरूच्या बनाकडे पाठ करून बसलं की सकाळचं ऊन मागून येतं आणि पाण्याच्या कडेचे पक्षी पुढून उजळतात. सँडरलिंग हे चिमुकले किनारपक्षी लाट फुटली की पुढे पळतात, लाट वळली की तिच्या मागे धावतात. बार-टेल्ड गॉडविट आणि कालवफोड्याही इथे मिळण्याची आशा धरता येते. युक्ती एकच, चालत जाऊन त्यांना गाठायचं नाही. भरती चढताना पाणीच त्यांना वर ढकलतं, आपण आधीच बसलेलो असलो तर तीस-चाळीस मीटरवर येतात. चरणं थांबवून सगळ्यांनी एकदम माना वर काढल्या तर आपण फार जवळ आहोत, दहा पावलं मागे सरका.

मात्र वेळ चुकली तर आक्षीइतकी रिकामी जागा नाही. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब पसरलेले असतात आणि ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. जुना हिशोब इथे उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. एकादशीला सव्वाआठ, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून आदल्या दिवशी भरतीचं कोष्टक बघाच. आक्षीसाठी दशमी ते द्वादशी उत्तम, पक्ष कुठलाही चालेल. भरतीच्या दोन तास आधी पोचायचं. या दिवसांत भांग, म्हणजे कमी भरती-ओहोटीचा काळ, नुकताच सरलेला असतो, पाणी बेताने चढतं आणि वर वाळूची पट्टी उरते. उधाणाला ती पट्टी पाण्याखाली जाते आणि पक्षी उठून दुसरीकडे बसतात.

खरी कटकट रविवारची. थवा सगळ्यात जवळ आलेला असतो नेमका तेव्हाच कुणीतरी वाळूत चारचाकी मोटारबाइक काढतं किंवा भटकी कुत्री सुटतात. शनिवारी जमलं तर पाहा, नाहीतर नऊपर्यंत आटपा.

उरणची अडचण वेगळी. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरची धूळ सोसता येते, पण गेल्या हिवाळ्यात पाणी असलेल्या जागी या वर्षी भराव दिसू शकतो आणि काही वाटांवर पहारेकरी अडवतो. निघण्याआधी अलीकडे जाऊन आलेल्या कुणाला तरी विचारून घ्या.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासचाच दिवस हाती असेल तर मात्र मीही उरणच म्हणेन. दुपारच्या उधाणाला बाहेरचा चिखल बुडतो आणि तिथले थवे विसाव्याला आतल्या तळ्यांवर येतात. सोबत लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी मंडळी असतील तरीही उरणच सोयीचं; रस्त्याकडेला गाडी उभी करून काचेतून पाहता येतं, आणि पक्षी गाडीला माणसाइतके बिचकत नाहीत. इंजिन बंद ठेवा, दार आपटू नका. बांधावर उतरून चालू लागलात की आधी बदकं उठतात, आणि त्यांच्या मागोमाग बाकीचं तळं.