दोन दिवसांच्या कापडखरेदीसाठी इंदूर, आणि त्यातला रविवार महेश्वरला

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर निघायचे आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर व्हायचे, एवढ्या मुदतीत कपड्यांच्या खरेदीसाठी कोणत्या शहरी जावे, हा प्रश्न आमच्या घरात दर वर्षी दिवाळीच्या आधी आणि पुन्हा लग्नसराईच्या तोंडावर निघतो. मी पुण्यात राहते. गेल्या काही वर्षांत थोरल्या बहिणीबरोबर मुंबई, सुरत, अहमदाबाद, हैदराबाद आणि इंदूर अशा पाच शहरांना केवळ याच कामासाठी जाऊन आले आहे, आणि आता माझे मत पक्के झाले आहे. ज्यांना अंगावर रोज वापरता येईल असे, वर्षानुवर्षे टिकणारे कापड हवे आहे, त्यांनी इंदूर धरावे. मात्र त्यातला पूर्ण रविवार महेश्वरसाठी राखून ठेवावा.

शहर निवडताना बहुतेक जण भाव पाहतात, प्रवास पाहतात, राहण्याची सोय पाहतात. वार मात्र पाहत नाहीत. घाऊक कापडबाजार रविवारी बंद असतात. मुंबईचे मंगलदास मार्केट रविवारी बंद, सुरतच्या रिंग रोडवरच्या बहुतेक मार्केटांनाही रविवारी सुट्टी. म्हणजे दोन दिवसांच्या सहलीतला अर्धा वेळ आधीच गेलेला असतो, आणि ते आपल्याला तिथे पोचल्यावर, खाली ओढलेल्या शटरसमोर उभे राहिल्यावर कळते. म्हणून ज्या शहरात शनिवारी बाजार पाहता येतो आणि रविवारी करण्यासारखे दुसरे खरेदीचेच काम उरते, ते शहर या मुदतीसाठी योग्य, अशी कसोटी मी हळूहळू ठरवली.

सुरतेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तिथला माल मुख्यतः कृत्रिम धाग्याचा असतो आणि विक्री नगावर नव्हे, तर सेटवर चालते. एकच साडी मागितली तर अनेक दुकानांतून नम्रपणे नकार मिळतो. मात्र लग्नात मानपानाच्या पंचवीस-तीस साड्या द्यायच्या असतील, तर त्या सुरतेहून एकगठ्ठा आणण्यासारखा दुसरा मार्ग नाही, आणि त्यासाठी रजा काढून आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे.

मुंबईची गोष्ट वेगळी आहे. पुणेकराला ती सर्वांत सोपी: सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने निघाले की साडेदहाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते आणि तिथून मंगलदास मार्केट पायी गाठता येते. मीटरवर कापड घेऊन स्वतःच्या मापाने शिवून घेणाऱ्या माणसासाठी हे मार्केट अजूनही अमोल आहे. सुती मलमल, लिनन, छापील कापड, अस्तर, शेजारच्या गल्ल्यांतून लेस आणि बटणे, असे सगळे एका फेरीत जमते. दुसऱ्या दिवशी कुलाबा कॉजवे किंवा वांद्र्याचा लिंकिंग रोड उघडा असतोच. तेथील तयार कपडे कॉलेजच्या मुलामुलींसाठी उत्तम, कारण नवी ढब तिथे लवकर येते आणि खिशाला परवडते. परंतु त्यात निर्यातीतून उरलेला, लेबल कापलेला माल बराच असतो. एखादी शिवण उसवलेली, एक बाही किंचित आखूड, असे दोष बारकाईने पाहावे लागतात आणि परत करण्याची सोय जवळजवळ नसते. माझ्या मुलीच्या वयाच्या मुलींना मी मुंबईच सुचवेन. मला स्वतःला मात्र दोन दिवसांच्या गर्दीनंतर हातात जे उरते त्याचे समाधान फार दिवस टिकत नाही.

अहमदाबादने मला खरोखर मोहात पाडले होते. रतनपोळ, ढालगरवाड, माणेक चौकाजवळचा राणीनो हजीरो, आणि संध्याकाळी लॉ गार्डनला मांडलेले आरसेकामाचे घागरे. 2017 साली युनेस्कोने जागतिक वारसा शहर म्हणून मान दिलेल्या जुन्या शहरातून हिंडत कापड पाहणे हा अनुभव स्वतंत्रपणेच घेण्यासारखा आहे. अजरख, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेले कापड, आणि बांधणी तिथे भरपूर मिळते. अडचण अशी की अजरख छापणारे कारागीर भुजजवळ, म्हणजे आणखी एका रात्रीच्या प्रवासावर आहेत, आणि पाटणचा पटोळा, म्हणजे आधी रंगवलेल्या धाग्यांनी विणलेली रेशमी साडी, शहरापासून जवळ असला तरी त्याची किंमत लाखांत जाते. त्यामुळे अहमदाबादेत आपण दुकानदाराच्या शब्दावर विसंबून घेतो. खरा अजरख हा नैसर्गिक रंगांत, टप्प्याटप्प्याने, अनेकदा धुऊन तयार होतो. त्याचीच नक्कल यंत्रावर छापलेल्या स्वस्त कापडात तिथल्याच दुकानांतून शेजारी शेजारी ठेवलेली असते, आणि नवख्या डोळ्याला फरक लागत नाही.

या बाबतीत हैदराबाद अधिक बरे. पोचमपल्लीची इकत, म्हणजे विणण्याआधीच धागे बांधून रंगवलेले कापड, विणणारी गावे शहरापासून सुमारे 50 किलोमीटरवर असल्याने रविवार तिकडे देता येतो. ज्यांना इकत आवडते त्यांनी हैदराबादच धरावे, मी हरकत घेणार नाही. पैठणी घ्यायची असेल, तर मात्र यांपैकी कोणत्याच शहरी न जाता सरळ येवल्याला जावे.

आता इंदूर. पुण्याहून रात्रीची बस, मुंबईहून संध्याकाळची अवंतिका एक्स्प्रेस. दोन्हीकडून शनिवारी सकाळी पोचता येते. इंदूर हे एके काळी गिरण्यांचे शहर होते. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली, इतरही बंद झाल्या, पण कापडाच्या व्यापाराची सवय शहरातून गेलेली नाही. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले एम. टी. क्लॉथ मार्केट, घाऊक व्यापाराचे केंद्र आहे. किरकोळ खरेदीसाठी राजवाड्याच्या आसपासचा भाग आणि सीतलामाता बाजार जास्त सोयीचा. आम्ही शनिवारी दहाच्या सुमारास, दुकाने उघडता उघडता सुरुवात केली. पहिला गिऱ्हाईक असल्याचा फायदा भावात होतो की नाही हे सांगता येत नाही, परंतु दुकानदार निवांतपणे घड्या उलगडून दाखवतो, हे निश्चित.

इंदुरात माझ्या मते तीन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. चंदेरी साडी किंवा ओढणी ही पहिली. तिचे कापड इतके हलके आणि पारदर्शक असते की पुण्यातल्या मे महिन्यातही ते नेसवते. मात्र त्याच त्याच घडीवर फार दिवस ठेवले तर ते विरते, म्हणून घडी अधूनमधून बदलावी लागते. दुसरी म्हणजे धार जिल्ह्यातील बाग गावची छपाई. तुरटीच्या लेपावर अलिझारिन या रंगद्रव्याने उठणारा लाल आणि लोखंडाच्या गंजापासून केलेला काळा, या दोनच मुख्य रंगांवर ती सारी उभी असते, आणि छापलेले कापड वाहत्या पाण्यात धुतल्याने तो लाल जसा खुलतो तसा कोणत्याही छापखान्यातून उतरत नाही. माझ्याकडचा बाग छपाईचा सुती पीस शिवून पाच वर्षे झाली. दर आठवड्याला धुऊनही त्याचा लाल निस्तेज झालेला नाही. तिसरी अर्थातच महेश्वरी, पण ती इंदुरात घेऊ नये. हे मी अनुभवाने लिहिते आहे. पहिल्या खेपेस शहरातल्या एका दुकानातून हातमागाची म्हणून घेतलेली महेश्वरी घरी आल्यावर उजेडात उलटी करून पाहिली, तेव्हा काठाच्या मागे सुटे धागे लोंबत होते आणि नक्षी उलट्या बाजूला पुसट होती. खऱ्या महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो आणि म्हणूनच ती उलटसुलट नेसता येते. एवढी एक गोष्ट आधी ठाऊक असती, तर ते पैसे वाचले असते. दुकानाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असा माल अनेक ठिकाणी असतो. शहरातच घ्यायचे असेल, तर मध्य प्रदेश सरकारच्या मृगनयनी या विक्रीकेंद्रात जावे. तिथे भाव ठरलेले असतात, निवड थोडी कमी असते.

शनिवारी रात्री सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, भुट्ट्याचा (मक्याचा) कीस आणि थंडी असेल तर गराडू हा तळलेला कंद खाल्ल्याशिवाय इंदूरहून कोणी परतत नाही. मात्र खरेदीच्या पिशव्या आधी खोलीवर ठेवाव्यात. त्या दाटीत तेला-तुपाच्या हातांचे डाग चंदेरीवर पडले, तर ते निघत नाहीत.

रविवारी सकाळी लवकर निघून महेश्वर गाठावे. अंतर साधारण 90 किलोमीटर, गाडीने दोन-अडीच तास. आत्ताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चोंडी गावात जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी आपला कारभार या नर्मदाकाठच्या गावी आणला आणि 1795 साली मृत्यू होईपर्यंत तो इथूनच चालवला. बाहेरून विणकर बोलावून त्यांना इथे वसवले, ते त्यांनीच, असे परंपरेने सांगितले जाते. मधल्या काळात हा धंदा मोडकळीस आला होता. 1970च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील मंडळींनी रेहवा ही संस्था सुरू केली आणि गावातले माग पुन्हा वाढू लागले. किल्ल्याच्या परिसरात आजही माग चालताना पाहता येतात, मात्र भेटीची वेळ आधी विचारून घ्यावी.

आम्ही गेलो त्या रविवारी गावातल्या गल्ल्यांतून चालताना घराघरांतून मागाचा आवाज येत होता. एका घरात विणकर बाईंनी आम्हाला बसवून घेतले आणि काठाच्या नक्ष्या एकेक करून दाखवल्या: चटई, वीट, हिरा, आणि नर्मदेची लाट. त्यानंतर त्यांनी सांगितले की, आता खाली घाटावर जा आणि किल्ल्याच्या भिंती पाहा. आम्ही गेलो, आणि दगडात कोरलेल्या त्याच नक्ष्या समोर दिसल्या, तेव्हा मला भरून आले. मी तीस वर्षे साड्या नेसते आहे. काठावरची रेघ कुठून आली असेल, हा विचार तोवर कधी मनात आला नव्हता.

परत जाऊन आम्ही त्यांच्याकडूनच दोन साड्या घेतल्या. मूळची महेश्वरी सुती असे. आता बहुतेक साड्यांत ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) सुताचा असतो, त्यामुळे अंगावर ती सुतासारखी थंड राहते आणि चमक मात्र रेशमाची येते. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे, ही जुनी खूण. साधी साडी मागावरून उतरायला तीन-चार दिवस लागतात, असे बाई म्हणाल्या. आम्ही पाहिलेल्या साड्यांच्या किमती तीन ते सात हजारांच्या दरम्यान होत्या. विणणाऱ्या माणसाच्या दारात बसून भावासाठी घासाघीस करू नये, असे मला मनापासून वाटते. चार दिवसांच्या कामाची मजुरी त्यातूनच निघायची असते.

महेश्वरातही यंत्रमागाचा माल शिरलेला आहे, म्हणून थोडी परीक्षा करावीच. काठाच्या कडेला, माग चालू असताना कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या सुयांची बारीक छिद्रे दिसतात का, ते पाहावे. 2006 पासून सुरू झालेली हँडलूम मार्कची, म्हणजे माल हातमागाचा असल्याच्या सरकारी खुणेची, चिठ्ठी आहे का, ते विचारावे. आणि विक्रेत्याची हरकत नसेल तर पदराच्या टोकाचा एखादा सुटा धागा काडीवर जाळून पाहावा: रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते, सूत कागदासारखे जळते, आणि कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. प्रामाणिक विणकराला या परीक्षेचा राग येत नाही, असा माझा अनुभव आहे.

उणिवा लपवण्याचे कारण नाही. पुरुषांच्या कपड्यांसाठी या सहलीत फारसे काही नाही. नवरदेवाचा सूट किंवा शेरवानी घ्यायची असेल तर मुंबईच बरी. तयार शिवलेले कुडते महेश्वरला मिळतात, पण मापे मोजकी असतात आणि शिवण साधारण. गावात काही ठिकाणी रोख पैसेच घेतात. उन्हाळ्यात, एप्रिल ते जून, नर्मदाकाठचा दगड असा तापतो की दुपारी बाहेर पडवत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

परतीच्या प्रवासाची एक सोय आम्हाला दुसऱ्या खेपेस उमगली, आणि तिच्यामुळे रविवारचे चार-पाच तास वाचतात. इंदूरहून पुण्याकडे येणाऱ्या बऱ्याच बस आग्रा-मुंबई महामार्गाने येतात आणि त्या वाटेवरचे धामणोद महेश्वरपासून अवघ्या 13-14 किलोमीटरवर आहे. त्यामुळे सामान घेऊन रविवारी सकाळीच इंदूर सोडावे, तिकीट काढताना चढण्याचे ठिकाण धामणोद सांगून तशी खातरजमा करून घ्यावी, आणि संध्याकाळ अंधार पडेपर्यंत महेश्वरच्या घाटावर घालवून रिक्षाने बस गाठावी.