वाचन चॅलेंजसाठी पुस्तकं निवडताना: आधी नियम की आधी कपाट?

गटात वर्षभराचं वाचन चॅलेंज जाहीर होतं तेव्हा हातात निकषांची एक यादी पडते. एक अनुवादित पुस्तक, एक पुरस्कारप्राप्त, एक पाचशे पानांच्या वरचं, एक शंभर वर्षांपूर्वीचं, एक एकाहून जास्त निवेदक असलेलं, वगैरे. मग सुरुवात कुठून करायची हे ठरवावं लागतं. एक तर प्रत्येक निकष वाचून त्यासाठी पुस्तक शोधायला निघायचं, किंवा घरातली न वाचलेली पुस्तकं समोर मांडून कोणतं कुठे बसतं ते पाहायचं. दोन्ही पद्धतींचे भक्त प्रत्येक गटात असतात आणि दोघांनाही दुसऱ्याची पद्धत वेडेपणाची वाटते.

नियमांपासून सुरुवात करणाऱ्यांचा मुद्दा खरा आहे. चॅलेंजमध्ये भाग घ्यायचाच तर एरवी ज्याच्याकडे वळलो नसतो असं काहीतरी वाचावं. कपाटापासून सुरुवात केली तर आपलीच जुनी आवड पुन्हा वाढून घेतली जाते. पण या पद्धतीची एक अडचण यादी करताना दिसत नाही. वीस निकषांसाठी वीस अनोळखी पुस्तकं ठरवली की त्यातली निम्मी मिळवायलाच वेळ जातो, आणि मिळालेली काही पहिल्या पन्नास पानांत नकोशी होतात. तिथे थांबलात तर तो निकष पुन्हा कोरा.

कपाटापासून सुरुवात करणाऱ्यांचं पुस्तक हाताशी असतं, शिवाय ते कधीतरी आपल्याच इच्छेने घेतलेलं असतं. दोष असा की कुणाचंही कपाट एका बाजूला कललेलं असतं. सहा जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या एकाच रकान्यासाठी भांडतात आणि ‘अनुवादित कविता’ हा रकाना ओस पडतो.

माझं मत कपाटाच्या बाजूने आहे. आधी कपाट लावून पाहावं, उरलेल्या रकान्यांसाठीच बाहेर पडावं. फक्त कपाट लावण्यातही एक क्रम आहे, आणि बहुतेक जण तो नेमका उलटा लावतात.

उदाहरण घेऊ, एका पुस्तकाने एकच रकाना भरायचा असं धरून. यादीत चार निकष आहेत: एकाहून अधिक निवेदक, पौराणिक विषय, पुरस्कारप्राप्त, आणि पाचशे पानांच्या वर. कपाटात शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आहे, वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ आहे आणि पु. ल. देशपांड्यांनी केलेला हेमिंग्वेचा अनुवाद ‘एका कोळियाने’ आहे. ‘मृत्युंजय’ (1967) चारही रकान्यांत बसते: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा निवेदक, विषय महाभारतातला, मूर्तिदेवी पुरस्कार मिळालेला, आणि जाडी तर विचारूच नका. ‘ययाति’ (1959) तीन ठिकाणी बसते. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात, विषय पौराणिक आहे, आणि 1974 चा ज्ञानपीठ पुरस्कार याच कादंबरीसाठी होता. ‘एका कोळियाने’ या चारपैकी फक्त पुरस्काराच्या रकान्यात बसतं. मूळ पुस्तक 1952 चं, त्याला 1953 मध्ये पुलित्झर मिळालं.

वर्षाच्या सुरुवातीला उत्साहात माणूस काय करतो? ‘ययाति’ उचलतो, कारण ती ‘मृत्युंजय’पेक्षा लवकर संपेल, आणि ती पुरस्काराच्या रकान्यात टाकतो, कारण तो निकष पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतो. इथेच गणित बिघडतं. पुरस्काराचा रकाना भरायला तिन्ही पुस्तकं चालली असती. पाचशे पानांचा रकाना मात्र एकट्या ‘मृत्युंजय’ने भरतो. तेव्हा ‘मृत्युंजय’ जाडीसाठी राखायची, ‘ययाति’ निवेदकांसाठी लावायची, पुरस्कार कोळ्याला द्यायचा. पौराणिकसाठी नवीन पुस्तक शोधावं लागेल, पण तो विषय एवढा मोठा आहे की शोध सोपा. उलट ‘ययाति’ पौराणिकमध्ये घालवली असती तर निवेदकांसाठी शोधत बसावं लागलं असतं, आणि पुस्तकाला किती निवेदक आहेत हे मुखपृष्ठावर कुणी छापत नाही.

थोडक्यात, ज्या निकषाला सगळ्यात कमी पुस्तकं आहेत तो आधी भरावा, आणि जे पुस्तक सगळ्यात जास्त निकषांत बसतं ते सगळ्यात शेवटी खर्च करावं. पत्त्यांत जोकर कुणी पहिल्या डावाला टाकत नाही, तसंच.

यामागे खरोखरचं गणितही आहे. फिलिप हॉल या इंग्रज गणितज्ञाने 1935 मध्ये एक प्रमेय मांडलं, ते ‘विवाह प्रमेय’ म्हणून ओळखलं जातं. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ असा: यादीतले कुठलेही काही निकष बाजूला काढा आणि त्यांपैकी निदान एका निकषात बसणारी पुस्तकं मोजा. ही पुस्तकं कधीच त्या निकषांपेक्षा कमी भरत नसतील, तर सगळे रकाने वेगवेगळ्या पुस्तकांनी भरता येतात. एकदा जरी कमी भरली तर कितीही अदलाबदल करा, काही उपयोग नाही. वरच्या उदाहरणात निवेदक, पौराणिक आणि जाडी या तीन निकषांना मिळून दोनच पुस्तकं होती. म्हणजे कपाटात आणखी तीस पुस्तकं असती आणि ती या तिघांपैकी कशातच बसत नसती, तरी एक रकाना रिकामाच राहिला असता. ‘माझ्याकडे भरपूर पुस्तकं आहेत’ या भरवशावर राहणाऱ्यांनी हे तपासून पाहावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

बिंगो पद्धतीचं चॅलेंज असेल तर हिशेब थोडा वेगळा. पाच बाय पाचच्या तक्त्यात 25 चौकोन आणि 12 ओळी असतात: पाच आडव्या, पाच उभ्या, दोन तिरप्या. पूर्ण तक्ता भरायचा असेल तर वरचाच नियम लागू. फक्त एक ओळ पूर्ण करायची असेल तर पुस्तकं निवडण्याआधी ओळ निवडा. मधला चौकोन चार ओळींत येतो आणि बरेच गट तो मोकळा सोडतात, म्हणजे त्या चार ओळींपैकी प्रत्येकीला चारच पुस्तकं लागतात. कोपऱ्यातला चौकोन तीन ओळींत येतो. त्यामुळे आवडीचं पुस्तक जिथे बसेल तिथे टाकत जाणाऱ्यापेक्षा मधली ओळ धरून चालणारा लवकर सुटतो. बिंगोत मला फार मजा येत नाही ती याचमुळे, पण मोजक्या वेळात भाग घ्यायचा असेल तर हाच प्रकार बरा.

आता ज्या निकषांवरून गटात वाद होतात त्यांच्याकडे वळू. निवड करताना तिथे सावध राहिलं तर पुढची कटकट वाचते.

पुरस्काराचा निकष सगळ्यात फसवा. काही पुरस्कार पुस्तकाला असतात, काही लेखकाला. साहित्य अकादमीचा वार्षिक पुरस्कार पुस्तकाला दिला जातो. नोबेल लेखकाला मिळतं. ज्ञानपीठाचं तर मधेच बदललं: सुरुवातीला तो विशिष्ट कृतीसाठी दिला जायचा, 1982 पासून लेखकाच्या एकूण कार्यासाठी दिला जातो. म्हणून खांडेकरांची ‘ययाति’ निःशंकपणे ‘ज्ञानपीठ विजेतं पुस्तक’ ठरते. कुसुमाग्रजांना 1987 चं ज्ञानपीठ मिळालं असलं तरी त्यांच्या कुठल्याही एका संग्रहावर तसा शिक्का मारता येत नाही. निकषात ‘पुरस्कारप्राप्त लेखकाचं पुस्तक’ असं असेल तर निवडीला भरपूर वाव आहे. ‘पुरस्कारप्राप्त पुस्तक’ असं असेल तर पुस्तकाच्याच नावाने पुरस्कार हवा. शंका असेल तेव्हा दुसऱ्या अर्थाने निवडावं. ते पुस्तक दोन्ही अर्थांनी चालतं.

प्रकाशनवर्षाचा निकष अनुवादांत अडकतो. गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ हिंदीत 2018 मध्ये आली, इंग्रजी अनुवाद 2021 मध्ये निघाला आणि आंतरराष्ट्रीय बुकर 2022 मध्ये मिळालं. ‘2020 नंतर प्रकाशित’ या रकान्यात ती बसते का? इंग्रजी आवृत्ती वाचणारा हो म्हणेल, हिंदी वाचणारा नाही, आणि दोघांचंही बरोबर. बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ची गुंतागुंत आणखी पुढची आहे. दीपा भास्ती यांनी कन्नडमधून अनुवादित केलेल्या या संग्रहातल्या बारा कथा तीसहून जास्त वर्षांत लिहिल्या गेल्या, आणि 2025 चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळवणारा तो पहिला कथासंग्रह ठरला. म्हणजे पुस्तक नवं, त्यातल्या काही कथा जुन्या. अशी पुस्तकं वर्षाच्या रकान्यात टाकूच नयेत. ‘अनुवादित’, ‘कथासंग्रह’, ‘लेखिका’ असे बिनवादाचे रकाने त्यांच्यासाठी आहेत.

पानांची अट त्यामानाने सोपी आहे. एकच कादंबरी एका आवृत्तीत 480 पानं आणि दुसरीत 520 भरते; ई-बुकमध्ये तर अक्षर मोठं केलं की पानं वाढतात. अटीपेक्षा पन्नासेक पानं जास्त असलेलं पुस्तक घ्या आणि विसरून जा. ऑडिओबुकला पानंच नसतात, तिथे छापील आवृत्तीची संख्या धरायची असं गटात आधीच ठरवून घ्यावं.

खालची मर्यादा मात्र त्रास देते. युनेस्कोने 1964 च्या आकडेवारीविषयक शिफारशीत मुखपृष्ठं सोडून निदान 49 पानं असलेल्या प्रकाशनाला पुस्तक म्हटलं. गट बहुधा त्याहून कडक असतात आणि शंभर-दीडशे पानं मागतात. हा आकडा ‘शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक’ या निकषाशी टक्कर घेतो. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ (1882) जुनं आहे, लेखिकेचं आहे, ललितेतर आहे आणि आजही तिखट लागतं, पण छोटेखानी आहे. शंभर पानांची अट असेल तर ते बाद होण्याची शक्यता मोठी. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ (1857) हा दुसरा पर्याय, कादंबरी म्हणून बिंगोच्या आणखी एखाद्या चौकोनातही बसेल. दोन्हींपैकी वाचायला कोणतं घ्यावं असं विचाराल तर मी ताराबाईंकडे बोट दाखवेन आणि गटाकडून पानांची सवलत मागून घेईन. युक्तिवाद करणारं गद्य दीडशे वर्षांनीही धावतं, उपदेश करणाऱ्या कादंबरीत मात्र वाचकाला थांबत-थांबत जावं लागतं.

अक्षरांचं चॅलेंज मराठीत करायचं असेल तर आधी एक गोष्ट पाहून घ्या: संयोजकाने ङ, ञ, ण आणि ळ वगळलेत का? या अक्षरांनी सुरू होणारं शीर्षक शोधत फिरणारा सदस्य प्रत्येक गटात एकदा तरी दिसतो. अवघड पण शक्य अशा अक्षरांत झ ला चांगले पर्याय आहेत. आनंद यादवांची ‘झोंबी’ आणि विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’, दोन्ही साहित्य अकादमी विजेत्या (अनुक्रमे 1990 आणि 1992). यादीत ‘आत्मचरित्रात्मक’ किंवा ‘मालिकेतलं पहिलं पुस्तक’ असा निकषही असेल तर ‘झोंबी’ तिकडे ठेवा आणि झ साठी ‘झाडाझडती’ घ्या. धरणग्रस्तांच्या विस्थापनाची ती कादंबरी आहे. लेखकाच्या आडनावावरून अक्षर धरायचं असेल तर टोपणनावांचं काय करायचं तेही विचारून घ्यावं. कविता वाचलीत तर कुसुमाग्रज ‘क’ मध्ये, नाटक वाचलंत तर वि. वा. शिरवाडकर ‘श’ मध्ये. एकाच माणसाने दोन अक्षरं भरणं नियमात बसत असेल तर सोडू नका.

एका पुस्तकाने दोन निकष भरायला परवानगी असेल तर? तेव्हा जोकर राखून ठेवायचं कारण उरत नाही, उलट तोच आधी वाचावा. ‘एका कोळियाने’सारखं बारकं पुस्तक अनुवाद, पुरस्कार, नोबेल विजेता लेखक आणि समुद्र असे चार रकाने एका बैठकीत उडवून टाकतं. माझ्या मते अशी सूट चॅलेंजची गंमत घालवते, पण नियम असेल तर तो वापरण्यात लाज कसली.

राहिला वर्षाअखेरीचा प्रश्न. दोन रकाने कोरे आहेत, पंधरा दिवस उरलेत. यावर दोन सल्ले दिले जातात: सापडेल ते बारीक पुस्तक वाचून रकाना भरा, किंवा कोरा सोडा. त्याआधी तिसरं करून पाहावं. वर्षभरात वाचलेली पुस्तकं पुन्हा मांडा आणि रकाने बदलता येतात का ते तपासा. पुष्कळदा ‘लेखिका’मध्ये टाकलेलं पुस्तक ‘आत्मचरित्र’मध्ये हलतं आणि ‘लेखिका’साठी नुकतंच संपवलेलं दुसरं सापडतं. बहुतेक गट शेवटच्या तारखेपर्यंत अशी हलवाहलव चालू देतात. त्यानेही जमलं नाही तर मात्र मी रकाना कोरा सोडते. नावडतं पुस्तक डोळ्यांखालून घालून भरलेल्या चौकोनाबद्दल नंतर गटात चार वाक्यं बोलायची वेळ येते, आणि तेव्हा बोलायला काही नसतं.