पोलो खाली आणायची आहे: स्प्रिंग कापावी, बदलावी की कॉइलओव्हर घ्यावा?

सेकंडहँड फोक्सवॅगन पोलो घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात एक गोष्ट हमखास करतो. पुढच्या टायरवर हात आडवा ठेवून फेंडरपर्यंत किती बोटं जातात ते बघतो. चार जातात. मग झोप उडते.

ही चार बोटं कंपनीने मुद्दाम सोडलेली आहेत. चाकणच्या कारखान्यातून २००९ अखेर निघू लागलेली आणि २०२२ मध्ये बंद झालेली आपली पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा उंच बसवलेली होती. ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६५ मिमी. कारण आपल्या सगळ्यांच्या पाठीला माहीत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून कुठलीही गाडी जाते. पण गल्लीतला गतिरोधक कुठल्या मापाचा असतो? उरलेलं डांबर ओतून वर दोन फावडी मारली की झाला.

हे त्याच्यासाठी लिहितोय ज्याची गाडी रोज कोथरूड-हिंजवडी करते, महिन्यातून एकदा आई-वडिलांना घेऊन गावी जाते, आणि ज्याच्या खिशात या हौसेसाठी तीस-चाळीस हजारांच्या वर नाहीत. शोसाठी गाडी बनवणाऱ्यांचं गणित वेगळं.

सगळ्यात स्वस्त उपाय ग्राइंडरचा. हजार-दीड हजारात गॅरेजवाला चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा उडवून देतो. यात फसवं असं की गाडी त्या संध्याकाळी खरंच छान दिसते. स्प्रिंगचा कडकपणा कामाच्या वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो. सहा वेढ्यांतला एक गेला की उरलेली स्प्रिंग वीस टक्के कडक होते. ऐकायला बरं वाटतं. पण गाडी ४० मिमी खाली आली म्हणजे दणका पचवायच्या जागेतूनही ४० मिमी गेले, आणि ते वीस टक्के त्याची भरपाई करत नाहीत. खड्डा आला की शॉकअप थेट रबरी बंप स्टॉपवर आदळतो.

खरा धोका मात्र मागे आहे. पोलोच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. स्प्रिंग नुसती बीम (मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी तुळई) आणि बॉडी यांच्या मध्ये दाबून बसलेली असते, तिला बोल्ट नसतो. माझ्या मावसभावाने अशीच कापून घेतली होती. कात्रज घाटाच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं, जॅक लावला, चाक खाली लोंबलं, आणि स्प्रिंग टणकन रस्त्यावर पडून गटाराकडे घरंगळत गेली. पंक्चरवाला पोरगा तिच्याकडे आणि मग आमच्याकडे बघत राहिला. हीच गोष्ट मोठ्या उंचवट्यावर, चाक क्षणभर हवेत असताना झाली असती तर?

स्प्रिंगला गॅसच्या टॉर्चने तापवून खाली दबवणारेही आहेत. त्याबद्दल एवढंच, की तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग पुढेही दबत राहते, तीही चारही बाजूंना वेगवेगळी. हे दोन्ही उपाय मी यादीतून काढतो.

मग खरी तुलना उरते दोघांत: तयार लोअरिंग स्प्रिंगचा सेट, किंवा कॉइलओव्हर, म्हणजे आट्यांवरची रिंग फिरवून उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट.

आयबाख, एच अँड आर अशा जर्मन नावांपासून देशी बनावटीपर्यंत लोअरिंग स्प्रिंगचा सेट साधारण पंधरा ते तीस हजारांत येतो. कापलेल्या स्प्रिंगपेक्षा फरक असा की तिची लांबी, तारेची जाडी आणि शेवटचा वेढा आधीच हिशेब करून ठरवलेला असतो, त्यामुळे चाक पूर्ण लोंबलं तरी ती सुटी होत नाही. बऱ्याच सेटमध्ये वेढे एका टोकाला जवळ असतात. हलक्या दणक्याला मऊ, जोराच्या दणक्याला कडक. रोजच्या गाडीला हेच हवं.

इथे एक जागा आहे जिथे बहुतेकजण गंडतात. खोक्यावर ३० मिमी लिहिलेलं असतं, पण ते युरोपातल्या पोलोच्या उंचीवरून मोजलेलं. आपली मुळातच उंच, त्यामुळे इथे गाडी त्याहून जास्त खाली येते. माझी २०१५ची डिझेल पुढे ३८ मिमी आली. आणि हो, डिझेल आणि १.२ पेट्रोलच्या नाकाचं वजन सारखं नाही. सेट इंजिन सांगूनच मागवा. उंची मोजायची ती चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत, काम करण्याआधी आणि नंतर, चारही कोपऱ्यांना. जमिनीपासून मोजली तर टायरची हवासुद्धा आकडा बदलते.

कॉइलओव्हरची भुरळ समजण्यासारखी आहे. उंची हवी तेवढी करता येते, चांगल्या सेटमध्ये शॉकअपचा कडकपणाही खटक्या-खटक्याने फिरवता येतो. किंमत साठ हजारांच्या आसपास सुरू होते आणि लाखाच्या वर सहज जाते, म्हणजे तुमच्या बजेटच्या बाहेर. तरी लोक जुना सेट शोधतातच, म्हणून बोलतो. स्वस्त सेटमध्ये फक्त स्प्रिंगची बैठक खाली-वर होते, म्हणजे जितकी गाडी खाली तितकी शॉकअपची चाल कमी. महागात खालचा ब्रॅकेटच फिरतो आणि चाल शाबूत राहते. खरेदीआधी हे एक विचारलं तरी निम्मे विक्रेते गप्प होतात.

दुसरं म्हणजे पाऊस. ते सुंदर आटे एका पावसाळ्यात चिखल खातात, आणि गाडी कोकणात किंवा मुंबईत समुद्राच्या वाऱ्यात उभी राहत असेल तर दोन पावसाळ्यांत रिंग अशी धरते की स्पॅनरच गोल होतो. मागच्या बैठका बीमवर, चिखलाच्या तोंडाशीच असतात. आटे धुऊन, ग्रीस लावून, टेप गुंडाळून ठेवणारी माणसं आहेत. तुम्ही तसे आहात का हे तुम्हालाच माहीत. गेल्या वर्षभरात टायरची हवा किती वेळा स्वतः तपासली ते आठवा, उत्तर मिळेल. वापरलेला सेट घेतलात तर दांड्यावर तेलाची ओल आणि क्रोमवर खड्डे बघा, रिंग हाताने फिरते का बघा, आणि सील गेलं तर इथे कोण उघडून देईल ते आधी विचारा. वरचं माउंट रबराचंच हवं. लोखंडी गोळ्याचं असेल तर प्रत्येक खड्ड्यागणिक डॅशबोर्डखालून कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटतं.

म्हणून माझं मत लोअरिंग स्प्रिंगकडे झुकतं. पण एका अटीवर, आणि ही अट दोन्हींच्या किमतीपेक्षा महत्त्वाची आहे: आधी शॉकअप. ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या मूळ शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग चढवली तर गाडी होडीसारखी डोलते आणि दोष स्प्रिंगला जातो. नव्या, कंपनीसारख्याच चार शॉकअपला साधारण बारा ते वीस हजार लागतात. बिल्स्टाइनचा बी८ खास लोअर केलेल्या गाडीसाठी आखूड केलेला असतो. तो परवडला तर उत्तम, पण गाडी २५-३० मिमीच खाली आणली तर चांगला साधा शॉकअप चालून जातो. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर शॉकअप घ्या आणि स्प्रिंग दिवाळीवर ढकला. हिशेब देशी स्प्रिंग आणि साधे शॉकअप धरून चाळिशीच्या आत बसतो. पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा जोड) उघडलाच आहे तर वरचं माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं कव्हर तेव्हाच बदला. मजुरी दोनदा द्यायची नसेल तर.

बसवताना मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून एकच गोष्ट बघा. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) आणि मागच्या बीमच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना शेवटचे आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर, गाडी आपल्या नव्या उंचीवर, मग आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. काम झाल्यावर मागचं चाक जॅकवर उचलून स्प्रिंग हाताने हलवा. सैल हलली तर पैसे देऊ नका. तीन-चारशे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसली की अलाइनमेंट करा. पुढचं टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल, बदललेलं असतंच, आणि दुर्लक्ष केलंत तर टायर आतल्या कडेने असं झिजतं की बाहेरून कळतही नाही. हेडलाइटचा झोतही तेव्हाच बघून घ्या.

कायद्याचं सांगतो, कारण गॅरेजवाला सांगणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. स्प्रिंगसाठी कुणाला रस्त्यात अडवलेलं मी पाहिलं नाही. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो, हे पाहिलंय. विमा कंपनीला आधी लेखी विचारा.

एक चौथा पर्याय कुणी मोजत नाही. तुम्हाला गाडी खाली हवी आहे की फक्त ती चार बोटं नको आहेत? १८५/६० आर १५ टायरच्या जागी १९५/५५ आर १६ घातलं तर व्यास साधारण १८ मिमी वाढतो. अर्ध्या बोटाची फट भरते आणि चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उलट ९ मिमी वर जातं. नंतरच्या पोलो जीटीवर हे माप कंपनीनेच दिलं होतं. सेकंडहँड अलॉय मिळाले तर हा खर्च स्प्रिंगच्या जवळपासच जातो. आई-वडील वरचेवर बसत असतील तर मी आधी हेच बघेन.

माझ्या गाडीत आता फट दोन बोटांची आहे. सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक एकटा असताना सरळ जातो, चौघे असलो की तिरका घ्यावा लागतो. आई पहिल्यांदा बसली तेव्हा दाराला धरून म्हणाली, "अरे, गाडीत बसायचंय की पाटावर?"