आजीच्या आठवणी रेकॉर्ड करून घेतल्या, आमचा अनुभव

आमची आजी दक्षिण गोव्यातल्या काणकोणची, वेळीप ह्या आदिवासी समाजातली, वय पंच्याऐंशीच्या पुढे. पोर्तुगीज काळात नऊ-दहा वर्षांची असताना तिला मडगावला एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी कामाला ठेवलेलं, एवढंच आम्हाला माहीत. तीन वर्षांपूर्वी संशोधनवाले म्हणून कोणीतरी आले, तिला तीन तास बोलतं केलं, आजोबांचा एकुलता एक फोटो घेऊन गेले आणि नंतर फोनच उचलला नाही, आजी अजून त्या फोटोचं विचारते. म्हणून यावेळी आठवणी रेकॉर्ड करणाऱ्या ह्या छोट्या ग्रूपला बोलावताना मी बिचकतच होतो.

पण ह्यांची पद्धतच वेगळी. पहिल्या दिवशी मशीन बाहेर काढलंच नाही, आंगणात बसून आजीबरोबर चवळीच्या शेंगा सोलल्या. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डर तिच्या मांडीवर ठेवला आणि बंद कसा करायचा ते तिलाच शिकवलं. चुलीपाशी गोणपाटावर झोपायची ते सांगता सांगता तिने बटण दाबलं, म्हणाली, "हें नाका." तेवढा भाग तिच्यासमोर पुसला, परत वाजवून दाखवला. मला खरंच भरून आलं.

मग आम्हा नातवंडांना पणजीच्या आर्काइव्हमध्ये नेलं, १५९५ मध्ये सुरू झालेलं दप्तर ते. तिथे १५५९ चा हुकूम समजावला, आईबाप, आजीआजोबा नसलेली हिंदू मुलं सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात द्यायची, बाप्तिस्मा करायचा. जुन्या गोव्यात त्या कॉलेजची कमान अजून उभी आहे, तिथून मी कितीदा गेलोय. पोरं कुणाकडे सोपवायची ते हुकमात आहे, ती कुणासाठी रडली ते कुठेच नाही. कॅनडात आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत टाकलं, त्यावरचा २०१५ चा आयोगाचा अहवाल सुद्धा साडेसहा हजारांहून जास्त लोकांनी स्वतः येऊन सांगितलं म्हणून झाला, हे त्यांनीच सांगितलं.

एक तक्रार आहे. लिहून दिलेल्या कॉपीत आजीची कोकणी पार पुस्तकी मराठी करून टाकलेली, ती म्हणाली रांदचीकूड, ह्यांनी लिहिलं स्वयंपाकगृह! सांगितल्यावर सुधारलं पण दोन महिने लावले. एक स्टार त्यासाठी कापतोय.

पैसे घेतले नाहीत, फक्त येण्याजाण्याचा खर्च. पेनड्राइव्ह आजीच्या पेटीत आहे, तिला विचारल्याशिवाय कुणाला ऐकवायचं नाही असं साध्या मराठीत लिहून दिलंय, वाचून दाखवल्यावरच तिने अंगठा दिला. बोलवायचं असेल तर पावसाच्या आधी बोलवा, पत्र्यावरच्या आवाजात म्हाताऱ्या माणसांचं बोलणं नीट रेकॉर्ड होत नाही.