क्रूझवरून स्कूबा: जहाजाची सहल घ्यावी की स्वतः डाइव्ह शॉप निवडावं?

मायामी किंवा टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून पश्चिम कॅरिबियनला जाणारी क्रूझ बुक झाली, की स्कूबाच्या प्रमाणपत्राचं कार्ड असलेल्यांच्या डोक्यात लगेच हिशेब सुरू होतो. मेक्सिकोचं कोझुमेल, केमन बेटांतलं ग्रँड केमन, होंडुरासचं रोआतान ही डाइव्हिंगसाठी जगभर नावाजलेली ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणी हातात जेमतेम सात-आठ तास. पाण्यात उतरायचे मार्ग तीन. क्रूझ कंपनी विकते ती सहल घ्यायची, घरूनच स्थानिक डाइव्ह शॉपशी बोलून आगाऊ जागा ठेवायची, किंवा धक्क्यावर उतरून जो हाक मारेल त्याच्याबरोबर जायचं.

तिसरा मार्ग मी आधीच बाद करते. धक्क्याबाहेर फलक घेऊन उभा असलेला माणूस बहुतेक वेळा फक्त गिऱ्हाईक गाठून देणारा असतो. बोट कोणाची, डाइव्हमास्टर (पाण्याखाली गटाला नेणारा मार्गदर्शक) कोण, हवेच्या टाक्या कुठे भरल्या, हे त्याला विचारून उपयोग नसतो आणि तपासायला तुमच्याकडे वेळही नसतो. स्नॉर्केलिंगला हे एक वेळ चालेल. वीस मीटर खोल जाताना चालणार नाही.

उरलेल्या दोघांची तुलना लोक पैशांवरून करतात. जहाजाची सहल साधारणपणे महाग पडते, हे खरं आहे. पण मला दोन वेगळे प्रश्न जास्त महत्त्वाचे वाटतात. जहाज चुकलं तर निस्तरायचं कोणी? आणि पाण्याखाली तुमच्याबरोबर कोण आणि किती जण असतील? पहिल्या प्रश्नात जहाजाची सहल सरस ठरते, दुसऱ्यात बहुतेक वेळा छोटं डाइव्ह शॉप. तुमच्यासाठी कोणता प्रश्न मोठा, ते बंदरावर आणि तुमच्या अनुभवावर ठरतं.

आधी घड्याळ

जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची व्यवस्था करते. स्वतः ठरवलेल्या डाइव्हसाठी जहाज थांबत नाही. सगळ्यांनी परत चढायची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते, आणि ती गेली की तुम्ही धक्क्यावर नि सामान केबिनमध्ये.

यात सगळ्यात जास्त फसगत होते ती जहाजाच्या वेळेमुळे. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे त्या राज्याने २०१५ पासून वर्षभर एकच वेळ ठेवली आहे, उन्हाळ्यात तिथे घड्याळ पुढे करत नाहीत. मायामीहून निघालेलं जहाज उन्हाळ्यात मायामीचीच वेळ पाळत असेल, तर कोझुमेल जहाजाच्या एक तास मागे असतं. साडेचारला परत चढायचं आहे, फोनने आपोआप स्थानिक वेळ पकडली आहे, त्यात साडेतीन वाजलेत, आणि तुम्ही निवांत टाको खात बसला आहात. गॅल्व्हेस्टनहून हिवाळ्यात निघालात तर गणित उलटं होतं. कोझुमेल तासभर पुढे असतं, त्यामुळे जहाज नाही पण डाइव्हची बोट चुकते. होंडुरासमधल्या रोआतानला तर मायामीच्या उन्हाळी वेळेशी दोन तासांचा फरक पडतो. काही जहाजं वाटेत घड्याळं बदलतात, काही बदलत नाहीत. म्हणून शॉपला ईमेल करताना जहाजाचं नाव, तारीख आणि पोचण्याची-निघण्याची वेळ लिहा, आणि सांगितलेली वेळ स्थानिक आहे की जहाजाची, हे लेखी विचारून घ्या. क्रूझचे प्रवासी नेहमी घेणारं शॉप या प्रश्नाचं उत्तर झटकन देतं. तिथे गोंधळ दिसला, तर त्यांना क्रूझवाल्यांची सवय नाही असं खुशाल समजा.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी आणखी एक विचार करावा. भारतीय पासपोर्टवर असाल आणि जहाज चुकलं, तर मेक्सिकोतून अमेरिकेत विमानाने परतावं लागेल. पासपोर्ट, व्हिसा किंवा ग्रीन कार्ड केबिनच्या तिजोरीत राहिलं तर तो दिवस फार वाईट जाईल. ओली न होणारी पिशवी घ्या आणि मूळ कागद जवळ ठेवा.

कोझुमेल: इथे स्वतः निवडलेलं शॉप जिंकतं

कोझुमेलचं डाइव्हिंग प्रवाहातलं आहे. बोट तुम्हाला एका जागी सोडते, प्रवाह प्रवाळांच्या कडेने वाहत नेतो, आणि वर आलात की बोट तुमच्यापाशी येते. पालंकार, सांता रोसा, कोलंबिया ही नावं ऐकली असतील. पहिली डाइव्ह प्रवाळांच्या खोल भिंतीवर, दुसरी पॅराडाइज किंवा चंकनाबसारख्या उथळ ठिकाणी, हा नेहमीचा क्रम.

अशा पाण्यात गट केवढा आहे याने फार फरक पडतो. छोट्या वेगवान बोटीवर सहा ते आठ जण आणि एक डाइव्हमास्टर असतो. तो तुमच्या टाकीतली हवा विचारतो, कोणाची हवा लवकर संपतेय ते ओळखतो, आणि त्या एकाला वेळेवर सुरक्षित वर पाठवून बाकीच्यांची डाइव्ह चालू ठेवू शकतो. जहाजाच्या सहलीत बहुधा मोठी बोट असते, वीसेक जणही असू शकतात, आणि त्यात कोणी दहा वर्षांनी पाण्यात उतरणारा तर कोणी शेकडो डाइव्ह केलेला. गट त्यातल्या सर्वांत कच्च्या माणसाच्या बेताने चालवावा लागतो. तो बरोबरच आहे, पण पालंकारच्या कपारी बघायला आलेल्या माणसाचा विरस होतो. मोठी बोट सावकाश जाते, म्हणून दक्षिणेकडच्या चांगल्या जागा सोडून जवळच्या जागाही निवडल्या जातात.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. क्रूझ कंपनी स्वतः डाइव्ह चालवत नाही. ती स्थानिक संस्थेशी करार करते, आणि ती संस्था स्वतंत्र ठेकेदार आहे असं तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं. म्हणजे दोन्ही मार्गांनी तुम्ही कोझुमेलच्याच माणसांबरोबर उतरता. जहाजाकडून घेतल्यावर वेळेची हमी आणि विमा असलेला ठेकेदार मिळतो, पण तो ठेकेदार निवडायचा अधिकार तुमच्याकडे राहत नाही.

वेळापत्रकाची अडचण मात्र खरी आहे. बऱ्याच शॉपच्या बोटी सकाळी आठ-साडेआठला सुटतात. जहाज दहाला लागत असेल तर ती बोट विसरा आणि दुपारची बोट कोण काढतं ते शोधा. दोन टाक्यांच्या, म्हणजे दोन डाइव्हच्या, सहलीला चार ते पाच तास धरा, आणि परत चढायच्या वेळेच्या दोन तास आधी जमिनीवर पाय लागतील असंच बुकिंग करा. जहाज कोणत्या धक्क्याला लागणार तेही आदल्या दिवशी बघा. पुंता लँगोस्ता सान मिगेल गावात आहे, तर इंटरनॅशनल पिअर आणि पुएर्ता माया गावाच्या दक्षिणेला. टॅक्सीचा वेळ त्यावर ठरतो.

हिवाळ्यात उत्तरेचे वारे सुटले, ज्यांना तिथे नोर्ते म्हणतात, तर बंदर अधिकारी छोट्या बोटींना समुद्र बंद करतात. मोठं जहाज धक्क्याला लागलेलं असतं आणि डाइव्ह मात्र रद्द. जहाजाची सहल असेल तर पैसे आपोआप परत येतात. शॉपकडे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: बंदर बंद झालं तर काय, आणि जहाज कोझुमेलला आलंच नाही तर काय? चांगली शॉप दोन्ही वेळी पूर्ण पैसे परत करतात आणि तसं लेखी कळवतात.

बाकीची बंदरं

ग्रँड केमनला माझा कल उलटा आहे. तिथे क्रूझसाठी धक्काच नाही. एप्रिल २०२५ मधल्या सार्वमतात मतदारांनी तो नाकारला. जहाज जॉर्ज टाउनसमोर नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतं. जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी उतरवतात, बाकीचे क्रमांकाची वाट बघतात. स्वतः ठरवलेली नऊची डाइव्ह यात सहज चुकते. समुद्र खवळला तर जहाज दक्षिणेच्या स्पॉट्सला जातं किंवा केमन टाळूनच पुढे निघतं. जानेवारी २०११ मध्ये बुडवलेलं अमेरिकन नौदलाचं किटिवेक जहाज बघायची फार इच्छा असेल आणि जहाजाच्या सहलींत ते असेल, तर डोळे मिटून ती घ्या. नसेल तर बंदराजवळच किनाऱ्यावरून डाइव्ह करता येते, आणि तिथे उशीर झाला तरी बोट चुकायची भीती नसते.

रोआतानला धक्का आहे, गर्दी कमी आहे, पण चांगल्या जागा पश्चिम टोकाकडे आहेत आणि तिथे गाडीने जावं लागतं. क्रूझ प्रवाशांना धक्क्यावरून नेऊन परत सोडणारं शॉप मिळालं तर जरूर जा.

बेलीझला जहाज किनाऱ्यापासून बरंच लांब उभं राहतं. ब्लू होल हा समुद्रातला प्रसिद्ध गोल, खोल खड्डा तर बेलीझ सिटीपासून सुमारे ७० किलोमीटर दूर आहे. तो एका बंदर-दिवसात बसवायचा हट्ट धरू नका.

शॉप पारखायचं कसं

परीक्षणांतले तारे मोजू नका, परीक्षणं वाचा. गेल्या वर्षभरात क्रूझवरून आलेल्यांनी काय लिहिलंय ते शोधा. वेळेत परत सोडलं का, गट किती जणांचा होता, वातावरण बिघडल्यावर पैसे परत मिळाले का. ‘मजा आली, कासव दिसलं’ यातून शॉपबद्दल काहीच कळत नाही. पाडी (PADI) या स्कूबा प्रशिक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर शॉप आणि प्रशिक्षक नोंदलेले आहेत का ते तपासता येतं, तेवढं करा. पण सदस्यत्व असणं ही किमान पात्रता आहे, दर्जाचा दाखला नव्हे.

मग ईमेलवर विचारा: एका डाइव्हमास्टरमागे किती जण? बोटीवर ऑक्सिजन किट आणि रेडिओ आहे का? हवेची तपासणी कधी झाली? हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, तो अजिबात करू नका. कॉम्प्रेसर खराब असेल तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. त्याला वास नसतो, आणि खोल पाण्यात त्याचा परिणाम वाढतो. ज्यांच्याकडे तपासणीचे कागद असतात त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही.

उत्तरांइतकंच, त्यांनी तुम्हाला काय विचारलं याकडे लक्ष द्या. कार्ड कोणतं, शेवटची डाइव्ह कधी, आजारपण काही, हे न विचारता जो फक्त क्रेडिट कार्डाचा नंबर मागतो, तो तुमच्या शेजारी उतरणाऱ्यालाही विचारणार नाही. ओपन वॉटर या प्राथमिक पातळीच्या कार्डाची शिफारस १८ मीटरपर्यंतची आहे. कोझुमेलची पहिली डाइव्ह त्याहून खोल जाऊ शकते, म्हणून हे आधी बोला. दक्षिण टोकाच्या डेव्हिल्स थ्रोट या पाण्याखालच्या गुहेतून बाहेर पडताना तर खोली ४० मीटरच्या आसपास जाते. नवख्या माणसाला तिकडे न्यायला तयार असलेलं शॉप तिथल्या तिथे सोडा.

प्रवाळांशी शॉप कसं वागतं यावरूनही मी त्याची पारख करते. कोझुमेलचे प्रवाळ १९९६ पासून राष्ट्रीय सागरी उद्यानात आहेत आणि तिथे हातमोजे घालून उतरायला मनाई आहे. प्रवाळांवर रोग पसरला म्हणून ऑक्टोबर २०१९ मध्ये पालंकार आणि कोलंबियाचा भाग काही काळ बंदही ठेवला होता. जो डाइव्हमास्टर पाहुण्याला प्रवाळ धरून फोटो काढू देतो, तो बाकी नियमांतही ढिलाई करत असणार.

‘मालवणला केलंय’ म्हणणाऱ्यांसाठी

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला प्रशिक्षकाने धरून पाण्याखाली नेलं, व्हिडिओ काढला, तो अनुभव सुंदर असतो, पण ते प्रमाणपत्र नव्हे. त्या बळावर कोझुमेलची दोन टाक्यांची सहल कोणीही देता कामा नये. कार्ड हवंच असेल तर तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत रीतसर कोर्स करता येतो, किंवा अमेरिकेत घराजवळ पोहण्याच्या तलावातला भाग उरकून मग खुल्या पाण्यातला भाग पुरा करता येतो. ज्यांना फक्त पहिली ओळख करून घ्यायची आहे, त्यांनी जहाजाचीच प्रास्ताविक डाइव्ह घ्यावी. ती १२ मीटरच्या आतच असते, आणि बरोबर आई-बाबा किंवा मुलं असतील तर घड्याळाची धास्तीही राहत नाही. दमा, हृदयविकार, मधुमेह यातलं काही असेल तर वैद्यकीय फॉर्मवर डॉक्टरांची सही घरूनच आणा. जहाजावर ती मिळेल असं धरू नका, आणि सहीअभावी दोन्हीकडे, जहाजाच्या सहलीत आणि चांगल्या शॉपमध्ये, तुम्हाला परत पाठवतील.

बुकिंगच्या आधी परतीचं तिकीट बघा

शेवटचं बंदर बहामातलं नासाऊ असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमान असेल, तर मोजणी करा. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेचा सल्ला असा, की एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास उडू नये. दुपारी दोनला दुसरी डाइव्ह संपली आणि सकाळी सातचं विमान असेल तर एक तास कमी पडतो. अशा वेळी नासाऊला एकच डाइव्ह करा किंवा विमान दुपारचं घ्या. साध्या प्रवास विम्यात स्कूबा वगळलेलं असू शकतं, म्हणून डाइव्हिंगचा वेगळा विमा काढा. डाइव्हनंतर दाबातल्या बदलामुळे होणाऱ्या आजारावर उपचार करणारा रिकंप्रेशन चेंबर कोझुमेल, ग्रँड केमन आणि रोआतानला आहे, जहाजावर नसतो. डाइव्हनंतर सांधे दुखले, मुंग्या आल्या किंवा अंगावर चट्टे उठले तर थकवा समजून केबिनमध्ये झोपू नका. जहाज बंदरात असतानाच डॉक्टरांना सांगा, मग त्या दिवशीचं जहाज सुटलं तरी सुटू द्या.