चेष्टेचा डबा पोलीस ठाण्यात चालतो का? सहा वस्तूंची पारख

सारंगखेड्याची यात्रा असो, अमळनेरची असो की धुळ्याची एकवीरा देवीची, खेळण्यांच्या रांगेत चेष्टेच्या वस्तूंचा एखादा स्टॉल सापडतोच. शॉक देणारं पेन, रबरी साप, खाज पावडर, मिरचीचं च्युइंगगम, खोटी बेडी आणि बसल्यावर वाजणारी रबरी उशी. सुटंही मिळतं, एका खोक्यात भरूनही मिळतं. गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजची पोरं, आणि बंदोबस्ताला आलेली खाकीही. खोकं तिथून उचललं जातं ते थेट ठाण्यात पोचतं. म्हणून ही पारख घरच्या वापरासाठी नाही. ड्युटीवरच्या पोलिसाने सोबतच्या पोलिसाची फिरकी घ्यायला यातलं काय चालेल, एवढंच इथे पाहिलं आहे.

बारा-बारा तास उभं राहणाऱ्यांना चेष्टा करू नका सांगून काही होत नाही, आणि व्हायलाही नको. रात्रपाळीत माणूस जागा राहतो तो चहावर आणि एकमेकांच्या टवाळीवर. फक्त वस्तू अंगाला, हत्याराला, चावीला आणि कागदाला लागता कामा नये, आणि फोन वाजला तर दहा सेकंदांत सगळं जागच्या जागी आलं पाहिजे. ही कसोटी लावली तर सहापैकी पाच नापास होतात.

शॉक पेन. आत बटणासारखे बारीक सेल, एक छोटं सर्किट आणि व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी. टोकावरचं बटण दाबलं की बोटाला झटका. करंट अगदी थोडा, पण किती बसेल ते पेनावर नाही, कातडीवर ठरतं. कोरड्या हाताला नुसती झिणझिण येते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 44-45ला टेकतो, तळवे घामाने चिंब असतात आणि ओल्या कातडीचा अवरोध कमी होतो. तेच पेन तेव्हा चांगलंच चावतं. हृदयाचा त्रास, पेसमेकर किंवा फिट येणाऱ्याच्या हाती ते द्यायचंच नाही.

खरा घोळ पुढे आहे. हे पेन दिसायला हुबेहूब पेन असतं, म्हणून चेष्टा झाल्यावर ते जातं कुठे, तर ठाणे अंमलदाराच्या टेबलावरच्या पेनस्टँडमध्ये. समोर फिर्यादी बसलेला. मोटारसायकल चोरीला गेलीय, किंवा बांधावरून डोकं फुटलंय. फिर्याद वाचून दाखवली, सहीला पेन पुढे केलं आणि त्याने टोक दाबलं. तो किंचाळला तर हसून सारता येईल, पण हात मागे घेताना सही अर्धीच राहिली आणि कागदावर रेघ उठली, तर त्या रेघेचा खुलासा पुढे कोर्टात करावा लागेल. त्यात बऱ्याच पेनांची रिफील नावालाच असते, म्हणजे लिहायलाही उपयोग नाही. पाचापैकी शून्य.

रबरी साप. खोक्यातली सर्वांत चांगली बनावट हीच. खवले ठळक, वजन बेताचं, उजेड कमी असला की फसवतो. पण ठाण्याच्या आवारात जप्त गाड्यांचा ढीग, त्यात वाढलेलं गवत आणि मुद्देमालाच्या खोलीत पोत्यांची थप्पी असते. पावसाळ्यात नाग, मण्यार, घोणस तिथे आपणहून येतात. दोनदा रबरी साप निघाला की तिसऱ्यांदा ओरडणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नाही: "राहू दे भो, रबराचाच असंल." आणि मण्यार तर रात्रीच फिरते.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. माणूस अचानक दचकला की हाताची मूठ आपोआप आवळते, आणि एक हात आवळला की दुसराही थोडा आवळतो. ट्रिगरवर बोट ठेवू नका हे फायरिंगच्या प्रशिक्षणात घोकून घेतात, ते याचसाठी. गार्ड ड्युटीवरचा शिपाई, लॉकअपचा पहारेकरी किंवा हत्यार साफ करत बसलेला माणूस यांच्यापुढे साप टाकणं ही चेष्टा राहत नाही. रबरी झुरळालाही हेच लागू. महिला सहकाऱ्याच्या पर्समध्ये ते ठेवून व्हिडिओ काढणाऱ्यांनी तर चेष्टा हा शब्दच वापरू नये.

खाज पावडर. पुडीवर घटक लिहिलेले नसतात, हीच पहिली भानगड. जुन्या धाटणीची पावडर म्हणजे खाजकुइलीच्या शेंगेवरची सोनेरी-तपकिरी कुसं. सातपुड्याच्या कडेच्या गावांत हा वेल कोणालाही विचारा. त्या कुसांत प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं, म्युक्युनेन नावाचं. कूस कातडीत रुतली की नुसती टोचत नाही, रसायन सोडते. म्हणून खाजवलं की आग वाढते, कारण कुसं आणखी खोल जातात. कोणाला लागलीच, तर चोळू नका, आधी पाणीही ओतू नका. चिकटपट्टी कातडीवर हलकी दाबून वर ओढा, दर वेळी नवा तुकडा घ्या, आणि कुसं निघाल्यावरच साबणाने धुवा. कपडे वेगळे धुवायचे. डोळ्यात गेली तर घरगुती उपाय करत बसू नका, भरपूर पाण्याने डोळा धुऊन सरळ दवाखाना गाठा.

खाकीच्या कॉलरीत कुसं अडकली की एका धुण्यात जात नाहीत. बंदोबस्तावर दुसरा गणवेश जवळ नसतो आणि मिरवणूक संपेपर्यंत जागा सोडता येत नाही. वर ठाण्यातला छताचा पंखा. पुडी ज्याच्यासाठी फोडली त्याच्यापुरती ती राहत नाही, पंखा ती लॉकअपपर्यंत नेतो. आता आरोपीच्या मानेवर, हातांवर लाल चट्टे उठले. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होतेच, शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने (1996) कोठडीत दर 48 तासांनी तपासणी सांगितली आहे. डॉक्टर चट्टे लिहून ठेवणार, आरोपी मारहाण सांगणार, आणि "साहेब, ती खाज पावडर होती" हे कोणाला पटणार? या वस्तूला उणे गुण द्यायची सोय असती तर दिले असते.

मिरचीचं च्युइंगगम. नंदुरबारात ते विकत घ्यायची गरजच नाही, मिरचीच्या पथारीवरून एक चिमूट आणली तरी भागतं. तिखटपणा कॅप्सायसिनचा. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी पिऊन आग हटत नाही, नुसती तोंडभर पसरते. दूध किंवा दही द्या. गम काढलेलं बोट गाडीच्या चालकाने डोळ्याला लावलं तर पुढचा अर्धा तास गाडी जागेवरून हलत नाही, आणि 112चा कॉल त्याच अर्ध्या तासात येतो. गाडीतल्या स्क्रीनवर ठिकाण आलेलं, चालक नळाखाली डोळे धुतोय.

खोटी बेडी. कुलपाशेजारी एक बारीक खटका असतो, तो दाबला की चावीशिवाय सुटते. कोणाला इजा नाही, म्हणून हिला पास करावंसं वाटतं. पण रात्री दिव्याच्या उजेडात खोटी आणि खरी एकाच खणात पडलेल्या ओळखू येत नाहीत. पहाटे आरोपीला कोर्टात न्यायची घाई, हाताला लागली ती बेडी उचलली, आणि त्याच्या अंगठ्याला खटका सापडला, तर पुढचं सांगायला नको.

याच्या उलट खऱ्या बेडीने केलेली थट्टा. पहाटे तीनला डुलकी लागलेल्या हवालदाराचा हात खुर्चीला अडकवायचा, हा जुना खेळ. दातेरी बेडीला दुसरं कुलूप असतं, चावीच्या टोकाची पिन दाबून लावायचं. थट्टेत ते कोणी लावत नाही. मग माणूस जागा होऊन हात ओढतो तशी ती एकेक दाता घट्ट होत जाते. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कातडीलगतच एक मज्जातंतू असतो, तो दबला की अंगठ्याची पाठ बधिर होते, कधीकधी कित्येक आठवडे. आणि चावी त्याच्या खिशात, जो गस्तीला निघून गेलाय.

"आम्ही करतो ते ड्युटी संपल्यावर," असं म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951चं कलम 28 काढून बघावं. रजेवर किंवा निलंबित नसलेला पोलीस कायम कर्तव्यावर असल्याचंच धरलं जातं.

वाजणारी उशी. पास झालेली ही एकटीच. अंगाला काही होत नाही, हत्याराजवळ जायचं कारण नाही, आणि खिशात घडी करून ठेवता येते. पूर्ण फुगवू नका. अर्ध्याहून थोडी जास्त, तोंड खुर्चीच्या पुढच्या कडेकडे आणि वर पातळ टॉवेल. तट्ट फुगवली तर बसणाऱ्याला आधीच कळतं, आणि जाड माणसाखाली फुटतेही. मान आतून चिकटली की आवाज येत नाही, तेव्हा चिमूटभर टाल्कम आत टाकून झटका. आपल्या बरोबरीच्या माणसासाठी वापरा. पंधरा दिवसांपूर्वी भरती झालेल्या पोराला हेरून रोज तीच उशी लावली तर त्याला छळ म्हणतात.

जागा मात्र निवडून. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांबाबत आदेश दिला. त्यात चित्रासोबत आवाजही नोंदवायला सांगितलं आहे आणि रेकॉर्डिंग 18 महिने जपायला. ठाणे अंमलदाराच्या खोलीत उशी वाजवली आणि त्याच दिवशीच्या कोठडीबद्दल तक्रार झाली, तर तो आवाज आणि मागची हास्याची लाट कोर्टात सगळ्यांसमोर ऐकवली जाईल. बाहेर चहाच्या टपरीचं बाकडं बरं.

उशी फाटली तर टाकू नका. सायकलच्या पंक्चरचा तुकडा आणि सोल्युशन चालतं. आधी भोवतालची जागा काचकागदाने खरवडा, आणि सोल्युशन पुरतं वाळेपर्यंत कोणाला बसू देऊ नका, नाहीतर उशी पँटीला चिकटून उठते.