केनियात गोल्फ: आठ महिन्यांनंतर, बॉलच्या हिशेबासह

गेल्या रविवारी नैरोबीत एका क्लबच्या कुंपणाबाहेर मी माझाच हरवलेला गोल्फ बॉल विकत घेतला. माझाच, कारण प्रत्येक बॉलवर मी काळ्या मार्करने ‘श्री’ काढतो आणि त्याची वेलांटी दर वेळी पार खाली उतरते. विकणारं पोरगं म्हणालं, "गुड बॉल, सर." ते मलाही माहीत होतं, पुण्याहून डझनाचा डबा मीच आणला होता. एक शंभर शिलिंगांना, तीन घेतले तर अडीचशे, म्हणून तीन घेतले. त्यातले दोन माझे निघाले.

कंपनीच्या कामासाठी इथे आलो त्याला आठ महिने झाले. शनिवार-रविवार गोल्फ, शिवाय जोडसुट्ट्यांत गोल्फ सहलींची दोन पॅकेजं. इथे खेळायला यायचं म्हणत असाल तर कोर्सेसची नावं, किती होल, किती पार (म्हणजे ठरलेले फटके) हे सगळं तुम्ही आधीच चाळलेलं असणार. पण एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत: किकुयू गवत.

हे गवत मूळचं इथल्याच डोंगराळ भागातलं, नावही इथल्या किकुयू लोकांवरून पडलेलं. फेअरवेवर, म्हणजे मधल्या राखलेल्या पट्ट्यावर, कापलेलं असतं तेव्हा स्वर्ग, बॉल जणू गादीवर मांडून ठेवलेला. दोन पावलं बाजूला रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, गेलात की संपलं. जाड, रांगतं, एकमेकांत विणलेलं गवत. बॉल वर राहत नाही, तळाशी जाऊन बसतो. तुम्ही त्याच्यावर उभे असता आणि दिसत नाही. सापडलाच तर गवत गोल्फच्या काठीच्या मानेला विळखा घालतं, तिचं तोंड डावीकडे वळतं आणि बॉल हातभर पुढे जाऊन पुन्हा गायब. वेज (बॉल उंच उचलणारी आखूड काठी) घ्या, घट्ट धरा, बाहेर काढा, बस. रफमधून लांब मारायची हौस मला सात बॉलना पडली. त्यात २०१९ पासून नियमाने बॉल शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. माझी वही सांगते, आठ महिन्यांत ६३ बॉल हरवले. बायकोला ३० सांगितलेत.

माझा नेहमीचा कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा सोबती, बॉल हरवला की हळूच म्हणतो, "पोले." म्हणजे वाईट वाटलं हो. आणि मी पुढचा बॉल घाईघाईने मारायला लागलो की म्हणतो, "पोलेपोले." म्हणजे सावकाश. पहिला महिनाभर मला वाटायचं, हा दुप्पट सांत्वन करतोय.

पहिल्या तीन महिन्यांत मी घरी फोन करून सांगत होतो की माझा खेळ सुधारला. पुण्यात सेव्हन आयर्न या मधल्या काठीने बॉल १४० यार्ड जायचा, इथे दीडशेच्या पुढे. मग डिसेंबरात किनाऱ्यावर गेलो, मोंबासाच्या उत्तरेला विपिंगोला. बाओबाबची अगडबंब झाडं, खाली हिंदी महासागर, कोर्स देखणा. पण पहिल्याच दिवशी सगळे फटके तोकडे. नैरोबी साधारण १८०० मीटरवर, हवा विरळ, तिचा अडथळा कमी, म्हणून बॉल लांब जातो. समुद्रसपाटीला तो आपल्या मूळ लायकीवर येतो. मी सुधारलो नव्हतो, उंचीवर होतो. फोनवर हे कळवलेलं नाही.

त्या पॅकेजमध्ये ‘सगळं धरून’ असं लिहिलं होतं. कॅडीचे पैसे वेगळे, स्टेशनवरून हॉटेलपर्यंतची गाडी वेगळी. विचारलं तर एजंट म्हणाला, सगळं म्हणजे राहणं, नाश्ता आणि खेळायची फी. चार मेल झाले, परत काही मिळालं नाही. बुकिंगआधी कॅडी आणि गाडी ही दोन वाक्यं लेखी घ्या. जाताना मात्र नैरोबी-मोंबासा रेल्वेने गेलो आणि ते फार आवडलं. स्टेशनवर सगळ्यांचं सामान ओळीत ठेवून कुत्र्यांकडून हुंगवतात. माझ्या गोल्फ बॅगपाशी कुत्रं जरा रेंगाळलं. मेथीचे पराठे होते.

नैवाशा सरोवराजवळचा कोर्स नैरोबीपेक्षाही उंचावर, दरीचा देखावा असा की पटिंग (बॉल खड्ड्यात ढकलायचा शेवटचा फटका) चुकलं तरी वाईट वाटत नाही. झेब्रे फेअरवेवर निवांत चरतात आणि हलत नाहीत. एकदा वाटलं, यांनी रफमध्ये चरावं, तेवढंच माझं काम होईल. कॅडीला म्हटलं, तो हसला नाही.

थोडं कामाचं. मार्च ते मे मोठा पाऊस, तेव्हा रफ आणखी माजतं. इथे बारा महिने साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि विषुववृत्तावर संधिप्रकाश म्हणून फारसं काही नसतं. दुपारी दोननंतर खेळायला निघालात तर शेवटचे होल अंधारात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, बूट कापडी पिशवीत आणा.

महागडे बॉल आणू नका, असं मी परवापर्यंत सांगत होतो. आता म्हणतो, आणा, पण खूण करून आणा. परत घेतलेल्या दोन ‘श्रीं’पैकी एक त्याच रविवारी चौथ्या होलला उजवीकडे गेला. मी तीन मिनिटं शोधला. कॅडी म्हणाला, "पोले." कुंपणाबाहेर ते पोरगं उभं होतंच.